पंतांच्या काडतुसांची मुरड

पंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीचे विंटर टायर काढायला आलो होतो आणि गॅरेजच्या वेटिंग रूममध्ये फुकटची जळकट कॉफी पीत बसलो होतो. एप्रिल अर्धा सरला होता तरी सकाळी बर्फ भुरभुरून गेला होता. टायर आजच काढावेत की अजून आठवडाभर थांबावं, यावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांशी माझा वाद रंगात आला होता. फोनवर उषावहिनींचं नाव दिसलं. वहिनी इतक्या सकाळी कधी फोन करत नाहीत. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "नाइन-वन-वन केलात का?" "केला. आलेत ते लोक. पण हे उठत नाहीयेत…" माझी गाडी जॅकवर चढवलेली होती. ज्यांच्याशी मी हुज्जत घालत होतो त्याच गृहस्थांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता मला आपल्या ट्रकमधून पंतांच्या दारात सोडलं.

पंत झोपेत गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी "भाग्यवान हो, असं मरण यावं" असं म्हणून घेतलं. आपल्याकडे या वाक्याची कधीच टंचाई नसते. मला त्या वाक्याचा राग येतो. पंतांना ऐंशीच्या आत जायचं नव्हतं, मेमध्ये उघडणाऱ्या क्लबच्या सीझनला जायचं होतं, आणि मला ते हवे होते. यात भाग्य कुणाचं आलं?

या पुरवणीच्या वाचकांपैकी अनेकांनी दत्तात्रय ऊर्फ पंतांना गणपतीत पाहिलेलं असेल. आमच्या कॅनडातल्या केंब्रिजच्या गणपतीत आरतीच्या वेळी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून झांजा वाजवणारे आणि ताल चुकला की वाजवणाऱ्याकडे थेट बघणारे ते उंच गृहस्थ म्हणजे पंत. सांगलीकडचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक बॅग आणि एक इंजिनियरिंगची पदवी घेऊन आले, आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका प्लांटमध्ये क्वालिटीच्या खात्यात लागले ते तिथूनच रिटायर झाले. मी त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, पेशाने ड्राफ्ट्समन. माझी त्यांची ओळख झाली तीच मी काढलेल्या एका ड्रॉइंगमधली चूक त्यांनी पकडली म्हणून. तेव्हापासून मी त्यांना पंत म्हणायचो आणि ते मला सुध्या.

त्यांच्या जाण्याला दोन-तीन दिवस झाले असतील. मुलगी नेहा दुसऱ्या प्रांतातल्या लव्हालहून आली होती, फोनवर कुणाला तरी इंग्रजीत पत्ता सांगत होती. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, चहा उतू जात होता आणि त्यांचं लक्ष नव्हतं. मी गॅस बंद केला. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? ह्यांना माहीत होतं का हो?"

काय माहीत होतं, ते मला विचारावं लागलं नाही. मी "बघू" असं काहीतरी निरर्थक बोललो. मेलेल्या माणसाबद्दल आता काय बघायचं होतं… पण वहिनींनी तो "बघू" धरून ठेवला, आणि त्या प्रश्नाचं जे झालं ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. लिहा, असं त्यांनीच सांगितलं.

आता मागे जायला हवं. पंतांना रिटायर व्हायच्या आधीपासून एक नाद होता, जो आपल्या मंडळींमध्ये मी दुसऱ्या कुणाला पाहिलेला नाही. ते शॉटगनने तबकड्या उडवायचे. प्लांटमधला त्यांचा सहकारी वॉल्ट त्यांना एकदा क्लबवर घेऊन गेला. तिथे यंत्रातून मातीच्या रंगाची बशीएवढी तबकडी सुटते, आणि ती लांब जायच्या आत छर्ऱ्यांनी फोडायची. पंतांनी पहिल्या दिवशी एकही फोडली नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले. लायसन्सच्या कोर्सला त्यांनी मलाही फरपटत नेलं. मी पास झालो, एक बंदूक घेतली आणि आजतागायत सुमार नेमबाज राहिलो. मंडळात कुजबूज झाली की पंत शिकार करतात. एका हळदीकुंकवात तर कुणीतरी वहिनींना विचारलं, "डिअर कसं शिजवता हो तुम्ही?" पंतांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "वरणभात खाणारा मी माणूस, हरणाचं काय करू? तबकडीला जीव नसतो आणि ती तक्रार करत नाही, म्हणून मला आवडते."

पण त्यांचा खरा जीव बंदुकीत नव्हता, काडतुसात होता. एकदा उडवलेल्या काडतुसाचं प्लॅस्टिकचं नळकांडं टाकून न देता ते पुन्हा भरता येतं. तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, वर मोजून दारू, तिच्यावर प्लॅस्टिकचा एक छोटा पेला, पेल्यात शिशाचे छर्रे, आणि मग एका यंत्राचं हँडल खाली ओढून नळकांड्याचं तोंड घड्या घालून बंद करायचं. इंग्रजीत त्या घड्यांना क्रिंप म्हणतात. वहिनींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगंबाई, ही तर करंजीची मुरड!" तेव्हापासून आमच्यात मुरड हाच शब्द रूढ झाला. मुरड चांगली असेल तर काडतुसाचं टोक सपाट, सहा पाकळ्या मधोमध मिळालेल्या, आणि मध्ये भोक नाही. पंत ते टोक दिव्याखाली धरून असे बघायचे की जवाहिऱ्यानेसुद्धा लाजावं.

बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी त्यांचं कामाचं बाक होतं. गुरुवारी दुपारी ते खाली जायचे आणि वहिनी फोनवर मैत्रिणींना सांगायच्या, "हे खाली दारू मोजतायत." पलीकडून काय ऐकू यायचं ते देवाला ठाऊक.

मग त्यांचा खांदा दुखायला लागला. बंदुकीचा धक्का सोसेना. हे २०१५च्या आसपासचं. उपाय सोपा होता. छर्रे कमी घालायचे आणि छापील कोष्टकात त्याला साजेशी जेवढी दारू दिली आहे तेवढीच घालायची, म्हणजे धक्का कमी बसतो. पण छर्रे कमी झाले की नळकांड्यात वर पोकळी राहते, आणि मुरडीला खालून आधार नसला की ती आत खचते. उडायला ते काडतूस उडतं, पण दिसतं ओशाळवाणं. पंतांना ते पाहवेना. त्या पोकळीत भर घालायला हवी होती, अशी की वजन वाढणार नाही आणि जागा मात्र भरेल. सुरुवातीला ते सांगलीच्या माणसाला शोभेल अशा मार्गाला गेले. पेल्याच्या तळाशी त्यांनी कुरमुरे घातले! मुरड बरी आली. क्लबवर पहिला बार झाला आणि वाऱ्यावर असा काही खमंग जळका वास पसरला की दत्तात्रयचा डॅट करणाऱ्या वॉल्टने नाक वर करून विचारलं, "डॅट, आर यू शूटिंग और कुकिंग?" तो मग चांगलाच चिडला. कोष्टकात नाही ते घालायचं नाही, म्हणून त्याने त्यांना सगळ्यांदेखत झापलं. पंतांनी मुकाट्याने ऐकून घेतलं, कारण प्लांटमध्ये दुसऱ्यांना हेच ते आयुष्यभर सांगत आले होते.

शेवटी कॉर्कवर गाडी थांबली. वॉल्टकडच्या जुन्या कोष्टकांत कॉर्कच्या चकत्यांना मान्यता होती. भिंतीवर टाचण्या लावायला मिळतात तसल्या कॉर्कच्या पातळ शीट आणायच्या आणि एका पोकळ पंचने त्यातून गोल चकत्या पाडायच्या. पेल्याच्या तळाशी एक चकती, वर छर्रे, आणि मग हँडल. आली की नाही सुरेख मुरड! चकत्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलेल्या असत. त्या दिवशी मला फोन आला होता, "सुध्या, कम डाऊन, बेसमेंटमध्ये ये. बघ काय केलंय." मी बर्फ शोव्हल करायचं अर्धवट टाकून गेलो. बाकावर पंचवीस काडतुसं एका ओळीत उभी होती, सगळ्यांची टोकं सपाट, आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस त्यांच्या मागे उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी मुद्दामच नुसतं "बरी आहेत" म्हणालो. त्यावर ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

विसरणं कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. आधी नावं, मग वळणं. क्लबला जाताना मी गाडी चालवू लागलो त्याचं कारण आम्ही त्यांचा खांदा असं ठरवून टाकलं. पण एका शनिवारी क्लबवर पंतांनी बार काढला आणि धाड असा आवाज येण्याऐवजी नुसतं फुस्स झालं. छर्रे चार पावलांवर गवतात सांडले. अशा वेळी घाईने दुसरं काडतूस घातलं आणि नळीत काही अडकलेलं असलं तर बंदूक हातात फुटू शकते. पंतांनी हात वर केला, सगळ्यांना थांबवलं, बंदूक उघडली आणि नळीतून आभाळाकडे पाहिलं. आभाळ दिसत नव्हतं. सळईने ढकलल्यावर पेला बाहेर आला, आणि त्यामागून एक जास्तीची कॉर्कची चकती. त्या काडतुसात चकती दोनदा पडली होती, दारू एकदाही नाही. आणि मुरड? त्याच डब्यातली बाकीची मी पाहिली होती. सगळ्यांची मुरड देखणी होती. दारूची जागा त्या दुसऱ्या चकतीने भरून काढली होती, त्यामुळे बाहेरून काही समजायला मार्गच नव्हता.

परतताना गाडीत ते ती जास्तीची चकती बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "मुरडीनं फसवलं रे मला." घरी आल्यावर त्यांनी त्या लॉटमधली सगळी काडतुसं उघडली. आणखी एक तसंच निघालं.

त्यानंतर वहिनींनी त्यांना तपासणीला नेलं. इथले डॉक्टर आडपडदा ठेवत नाहीत. त्यांनी पंतांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, हा स्मृतीचा आजार आहे, तो हळूहळू वाढत जाईल. पंतांनी मान हलवली, डॉक्टरांचे आभार मानले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते वहिनींना म्हणाले, "काल आपण कुठे गेलो होतो गं? ग्रोसरीला?" वहिनींनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "हो, ग्रोसरीला." आणि मग तेच चालू राहिलं. वहिनी, नेहा आणि मी, आम्ही तिघांनी ठरवलं की त्यांना ते आठवत नाहीये तर पुन्हा सांगायचं नाही. एकदाच मरायचं दुःख माणसाला रोज कशाला द्यायचं, असं वहिनी म्हणाल्या. आपल्याकडे आजाऱ्यापासून आजार लपवायची रीत आहेच. कॅनडात डॉक्टर ती पाळू देत नाहीत, पण पंतांच्या विसरण्याने ती आम्हाला आयती परत मिळाली. आजाराचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. पंतांनीही नाही.

नेहाचा मला फोन आला. "अंकल, प्लीज, ती गन घरातून बाहेर काढा. आय ॲम नॉट आस्किंग हिम टू स्टॉप लिव्हिंग, ओके? जस्ट द गन." माझ्याकडे कुलपाचं कपाट होतं, लायसन्स होतं. मी पंतांकडे गेलो आणि गाडीत घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "पंत, तुमच्या बेसमेंटला ओल आहे. बंदुकीला गंज चढेल. माझ्याकडे ठेवू या का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माझं बेसमेंट ठणठणीत कोरडं आहे. पण ने." मला तेव्हा वाटलं, सुटलो.

काडतुसं भरणं मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि सोडा म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. नियम त्यांनीच घातला. "वय झालंय, सुध्या. हात चुकतो. प्लांटमध्ये आम्ही काय करायचो? लॉटमधला एक नग काढून फोडून बघायचो. तू दर शनिवारी यायचं, माझ्या डब्यातलं एक काडतूस निवडायचं आणि उघडायचं. बरोबर निघालं तर बाकीची मी क्लबवर मारीन, बंदूक तू घेऊन यायची. चुकीचं निघालं तर सगळा लॉट फोडायचा. आणि एक, माझ्या हातचं तू मारायचं नाहीस." ही शेवटची अट त्यांची एकट्याची नाही. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, हे क्लबवर सगळेच पाळतात, सख्ख्या भावाच्या बाबतीतसुद्धा.

त्या वर्षभरातले शनिवार मला फार जड गेले. मी डब्यावरून बोट फिरवायचो आणि पंत पाठ करून फर्नेसकडे बघत उभे राहायचे, परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखे. मी एक उचलायचो, मुरड उकलायचो, छर्रे एका वाटीत ओतायचो, पेला काढायचो, चकती एकच आहे ना ते बघायचो आणि दारू काट्यावर मोजायचो. "पास," मी म्हणायचो. मग ते वळायचे आणि खांदे जरा खाली यायचे. "वहिनी, चहा!" मीच ओरडायचो. चांगली मुरड पाहिली की पूर्वी मला थट्टा सुचायची. आता मी ती उलटसुलट करून बघायचो, पण चकती असली की बाहेरून काहीच कळत नाही, हे मला एकदा दिसून चुकलं होतं. उरलेल्या चोवीसांत एखादं असेल तर? प्रत्येक बाराच्या वेळी मी त्यांच्या मागे श्वास रोखून उभा असायचो.

हिवाळ्यात क्लब बंद असला तरी पुढच्या सीझनसाठी डबे भरणं आणि तपासणं चालूच होतं. मार्चमध्ये एका शनिवारी मी मुरड उकलली आणि आत दारू नव्हती. दोन चकत्या होत्या. मुरड नेहमीसारखीच, नव्हे, नेहमीपेक्षा चांगली होती. मी रिकामा काटा पुन्हा एकदा पाहिला. पंत पाठमोऱ्यानेच म्हणाले, "बोल की." मी म्हटलं, "फेल, पंत." ते वळले, स्टूल ओढून बसले आणि आम्ही दोघांनी मिळून सगळा लॉट उघडला. बाकीची सगळी बरोबर होती. त्या दिवशी चहा आला तो तसाच गार झाला. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांची ही सवय नव्हती. "खरं सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. मला वाटलं, आता ते हे बंद करतील. पुढचे काही शनिवार मला सर्दी-खोकल्याने अंथरुणातून उठू दिलं नाही, म्हणून जाणं झालं नाही. फोनवर ते म्हणाले, "एक डबा भरून ठेवलाय. बरा झालास की ये."

तो शनिवार आलाच नाही.

मेच्या अखेरीला वहिनींनी बोलावलं. त्या काही महिने नेहाकडे राहायला जाणार होत्या आणि त्याआधी खालचं सगळं आवरायला हवं होतं. दुपारची वेळ होती. मी एकटाच खाली उतरलो. बाक जसंच्या तसं होतं. यंत्राच्या हँडलवर त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली जागा, दिवा, काटा. आणि तो डबा. मी झाकण उघडलं आणि मन चरकलं. पंचवीसच्या पंचवीस काडतुसांची मुरड आत खचलेली होती. पाकळ्या मिळालेल्या होत्या, पण टोकं आत गेलेली, सुरुवातीच्या त्या ओशाळवाण्या काडतुसांसारखी. पंतांनी असलं काडतूस कधी डब्यात ठेवलंच नसतं. संपलं, माझ्या मनात आलं. शेवटी त्यांना मुरडसुद्धा समजेनाशी झाली होती. वहिनींना आता मी काय सांगू?

तरी नियम तो नियम. मी एक उचललं आणि उघडलं. छर्रे बरोबर. पेला बरोबर. चकती नव्हती. दारू काट्यावर टाकली… तंतोतंत. दुसरं उघडलं. चकती नाही, दारू तंतोतंत. तिसरंही तसंच. मी श्रीखंडाचा डबा शोधू लागलो. तो बाकावर नव्हता, जिथे तो कायम हाताशी असायचा. तो वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांच्या मागे होता, झाकण लावलेला आणि काठोकाठ भरलेला. मी स्टुलावर चढून तो काढला आणि खाली उतरायचं विसरून तसाच उभा राहिलो.

वहिनी चहा घेऊन जिना उतरत होत्या. "पडाल ना भावजी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी कप बाकावर ठेवले. "काय झालं?"

मी खाली उतरलो आणि त्यांना सांगितलं. जसं सुचेल तसं सांगितलं. चकती घातली की मुरड सुंदर येते, पण ती चुकून दोनदा पडली की आत दारू नसली तरी बाहेरून दिसत नाही. चकती घातली नाही तर मुरड थोडी खचते, नेहमीच, सगळ्यांची सारखीच. पण ज्यात दारू राहून गेली असेल, त्याची खूपच खोल खचते. ती कुणालाही दिसेल. फोडायची गरज नाही, काटा नको, सुध्या नको. मार्चमध्ये चकतीने त्यांना पुन्हा फसवलं, त्यानंतर त्यांनी चकतीच काढून टाकली. जी मुरड त्यांनी जिवापाड सांभाळली तीच त्यांनी सोडून दिली, आपली चूक लपू नये म्हणून.

"विसरले असतील," वहिनी म्हणाल्या. "चकती घालायचं विसरले असतील."

"वहिनी, विसरणारा माणूस एकात विसरतो, एकात दोनदा घालतो. तसं झालेलं मी पाहिलंय. पंचवीसच्या पंचवीस सारखं विसरता येत नाही. आणि डबा कुणी वर लपवून ठेवत नाही, स्वतःचा हात चुकून तिकडे जाईल ही भीती असल्याशिवाय. त्यांना माहीत होतं. नेमकं काय होतंय आणि कुठवर आलंय, सगळं माहीत होतं."

बेसमेंट ठणठणीत कोरडं असताना बंदूक का देऊन टाकली, तेही मला आत्ता समजत होतं. आणि "काल ग्रोसरीला गेलो होतो का" हे त्यांनी खरंच विसरून विचारलं होतं, की आम्हाला सांगायला लागू नये म्हणून, ते मात्र मला कधीच कळणार नाही.

वहिनी पंतांच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या रागावल्या. "मग मला सांगायचं की. मी काय… मी वरच तर होते." जिन्याकडे हात करून त्या पुन्हा म्हणाल्या, "इथे वरच होते मी." मला भडभडून आलं. ज्या घरात दोन माणसं जिन्याच्या दोन टोकांना बसून एकमेकांसाठी तेच एक दुःख झाकत होती, त्या घरात मी दर शनिवारी चहा पीत होतो.

थोड्या वेळाने मी म्हटलं की ही उरलेली मी घेऊन जातो, नियमाने लॉट पास झालेला आहे, पण त्यांच्या हातचं मी मारणार नाही, कपाटात ठेवीन. वहिनींनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी डबा ओढून मांडीवर घेतला होता. एकेक काडतूस काढून त्या त्याच्या खचलेल्या टोकात अंगठा घालून बघत होत्या, आणि बघून झालं की पदरावर ठेवत होत्या. मी थांबलो. शेवटच्या काडतुसापर्यंत त्यांनी तसंच केलं.

"सगळी सारखीच आहेत हो," त्या म्हणाल्या.